कोपऱ्यावरचे देव

लोक पालिकेला शिव्या देतात तेव्हा त्या नेमक्या कुणाच्या कानात जातात, हे मी सांगू शकते. माझ्या. धारवाडच्या विभागीय ऑफिसात आरोग्य शाखेच्या तक्रारींचं टेबल गेली कितीतरी वर्षं माझ्याकडे आहे. कचरा उचलला नाही, गटार तुंबलं, डुक्कर मरून पडलंय, डासांसाठी धूर मारला नाही, धूर मारला तर तो आमच्या देवघरात शिरला. सगळं आधी माझ्यापाशी येतं. अर्ज कन्नडमध्ये लिहिलेला असतो, भांडण मराठीत होतं, आणि माणूस फारच तापला की इंग्रजीत शिरतो. इंग्रजी सुरू झालं की मी चहा मागवते, कारण आता वेळ लागणार हे कळलेलं असतं.

मी स्वतःही काही शांत बाई नाही. नाकावर राग घेऊनच जन्माला आले, असं घरचे म्हणतात. पण या टेबलानं मला एक गोष्ट शिकवली: जो माणूस ओरडतोय, त्याच्या दारात खरोखर काहीतरी कुजत असतं. काय कुजतंय ते शोधलं की माणूस गप्प होतो. हे मी शिकले ते एका कोपऱ्यापायी, आणि तो कोपरा मीच बिघडवून ठेवला होता. म्हणून ही हकीकत सांगताना आधी स्वतःचेच कान धरते.

केलगेरीच्या तळ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून एक गल्ली आहे. घरं बहुतेक मराठी. निवृत्त मास्तर, वकील, बँकेतले. गल्लीच्या तोंडाशी पिंपळ, आणि पिंपळाला लागून एका बंद घराची लांबलचक कंपाउंडची भिंत. कचऱ्याची गाडी, जिला आमच्याकडे मराठी घरांतसुद्धा 'कसद गाडी'च म्हणतात, ती सकाळी सातला गाणं वाजवत येते. ज्यांचं सातला उजाडत नाही त्यांच्या पिशव्या नंतर त्या भिंतीखाली जाऊन पडायच्या. आम्ही बोर्ड लावला, तर नेमक्या बोर्डाखाली टाकू लागले. दंडाची भीती घातली, तर अंधारात टाकू लागले. एकदा कामगार बायकांनी तिथं छान रांगोळी काढली. दुसऱ्या दिवशी रांगोळीच्या मधोमध वांग्याची देठं होती.

तेव्हा मला एक कल्पना सुचली. आपल्या माणसाला साहेबाची भीती नाही, देवाची आहे. भिंतीवर देवांच्या टाइल्स बसवल्या तर कुणाची हिंमत होणार आहे? गणपती, लक्ष्मी, दत्त आणि मारुती मी सांगितले. नुसते मराठी देव नकोत म्हणून यल्लम्मा आणि वीरभद्रही घेतले. सहा देव ओळीनं भिंतीवर बसले आणि दुसऱ्या दिवसापासून कचरा बंद. अगदी बंद! आरोग्य निरीक्षक साहेबांनी बैठकीत मला उभं केलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी चार दिवस ऑफिसात जमिनीपासून वीतभर वरून चालत होते.

दोनेक महिन्यांनी त्याच गल्लीतून एक तक्रार आली. कोपऱ्यावर ढीग साठला आहे आणि पंधरा दिवस कुणी उचललेला नाही. तक्रारदार एक निवृत्त वकील. मी म्हटलं, शक्यच नाही, तिथं माझे देव आहेत. तरी ऑफिसातून घरी जाताना स्कूटर थांबवली, न उतरताच फोन वर धरून भिंतीचा फोटो काढला, तक्रारीला जोडला आणि 'निकाली' करून टाकली. भिंतीखाली काहीतरी फुलाबिलांचं पडलेलं दिसलं होतं. पण तेवढ्यासाठी कोण उतरणार? सात दिवसांच्या आत तक्रार निकाली निघाली पाहिजे हा आमचा नियम, आणि मी तो नियम नेहमीच फार लवकर पाळते.

वकीलसाहेबांनी पुन्हा तक्रार केली. मी पुन्हा तोच फोटो जोडला. तिसऱ्या वेळी ते स्वतःच आले. पांढराशुभ्र शर्ट, हातात काठी, बगलेत फाइल. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी माझा फोटो टेबलावर ठेवला.

"बाई, तुमच्या फोटोत देव आहेत. मला देवांच्या पायाखालचं दाखवा."

मी फोटो उचलून बाजूला ठेवला. त्यांनी फाइलमधून एक लेखी अर्ज काढला. हा अर्ज कोपऱ्याविरुद्ध नव्हता, माणसाविरुद्ध होता. त्यात लिहिलं होतं: आमच्या गल्लीत गाडीबरोबर येणारी कामगार बाई घराघरातला कचरा घेते, पण कोपऱ्यावर आली की ढिगाकडं बघून हात जोडते आणि पुढं जाते. विचारलं तर 'मी उचलणार नाही' असं तोंडावर सांगते. हा कामास नकार असून तिच्यावर कारवाई व्हावी. खाली वळणदार सही, आणि प्रत थेट वरच्या साहेबांना.

ती बाई मला चांगली ठाऊक होती. एकोणीस वर्षं रोजंदारीवर रस्ते झाडणारी, नवरा गेलेला, गुडघे दुखत असले तरी एक दिवस खाडा न करणारी. आणि नेमक्या त्याच महिन्यात रोजंदारीच्या कामगारांना कायम करायची यादी तयार होत होती. यादीत तिचं नाव होतं. कायम होणं म्हणजे उद्या कुणी 'येऊ नको' म्हणणार नाही, आजारी पडली तर रजा मिळेल, म्हातारपणी पेन्शन मिळेल. निरीक्षक साहेबांनी अर्ज वाचला आणि डोक्याला हात लावला.

"कामाला नकार, तेही लेखी! हिच्या नावावर तक्रार उभी राहिली तर यादीतून नाव काढावं लागेल. नोटीस द्या. पुढच्या मंगळवारी यादी बेंगळूरला जाणार. सोमवारपर्यंत तक्रार मिटली तर ठीक, नाहीतर माझ्या हातात काही नाही."

ही नोटीस टाइप मीच केली. मला वाटतं, त्या दिवशी माझी बोटं जरा हळू चालत होती.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी दुपारी, ती बाई नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडं आली. वाचता येत नाही तिला. माझ्याशी ती अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलते.

"अक्का, काय लिवलंय हे? मुकादम सांगंना झालाय, नुसतं अक्काकडं जा म्हणतोय."

मी सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, खोटं आहे, मी रोज उचलते. मग मी तसं लिहून घेईन, अंगठा घेईन आणि सगळं मिटेल. तिनं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"खरं हाय. न्हाई उचलत मी ते."

"का पण?"

"देवरन्न कसदाग हाकबेकेन्री, अक्का?"

देवाला कचऱ्यात टाकायचं का, असं ती मलाच विचारत होती. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, अगं बाई, तुझं नाव कटेल! एकोणीस वर्षं पाण्यात जातील! नोकरी तुझी आहे, देव त्यांचे आहेत, तुला काय करायचंय?

"देव त्यांचे कसे?" ती शांतपणे म्हणाली. "देव देव हाय की."

मी तिला इतकी बोलले की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. तिनं नोटिशीची घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवली आणि गेली. रात्री जेवण गोड लागलं नाही. रागापायी जेवण न जाणं हे माझ्या बाबतीत फार वेळा होत नाही.

बुधवारी सकाळी सातच्या आत मी त्या कोपऱ्यावर गेले, आणि या वेळी स्कूटरवरून उतरले. गुडघ्याएवढा ढीग होता. पण त्यात केळीच्या साली नव्हत्या, दुधाच्या पिशव्या नव्हत्या, एकही वांग्याचं देठ नव्हतं. झेंडूचे वाळलेले हार, बेल, दुर्वा, जुनी जानवी. काच फुटलेला लक्ष्मीचा फोटो. हात तुटलेला बाळकृष्ण, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला. देवाचं चित्र आहे म्हणून फाडायचा धीर न झालेली कॅलेंडरं. आणि लग्नपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे, कारण प्रत्येक पत्रिकेवर वर गणपती छापलेला असतो. खालची फुलं कुजून काळी पडली होती आणि वास मात्र साध्या कचऱ्यासारखाच येत होता.

मी पिंपळाआड उभी राहिले. थोड्या वेळानं वकीलसाहेबांचं फाटक उघडलं आणि त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. हातात पिशवी. कोपऱ्यावर येऊन त्यांनी चपला काढल्या, पिशवीतलं निर्माल्य हलक्या हातानं ढिगावर ठेवलं, दत्ताच्या टाइलला नमस्कार केला आणि गेल्या. मग एक मास्तर स्कूटरवरून आले. हेल्मेट काढलं, फुटकी तसबीर ठेवली, हात जोडले, हेल्मेट घातलं. अर्ध्या तासात पाचजण येऊन गेले, सगळे अनवाणी, सगळे भक्तिभावानं.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पूर्वी हे लोक निर्माल्य विहिरीत सोडायचे, नाहीतर केलगेरीच्या तळ्यात. विहिरी बुजल्या. तळ्यात टाकू नये म्हणून जाळी बसली, आणि ते बरंच झालं. मग फुलं न्यायची कुठं? कसद गाडीत, उष्ट्या-खरकट्यात? जीव होत नाही. आणि अशा वेळी पालिकेनंच कोपऱ्यावर सहा देव आणून बसवले. लोकांना वाटलं, ही सोयच केली. करायला गेले गणपती अन् झाला मारुती! टाळ्या मी घेतल्या होत्या आणि नोटीस तिला गेली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की रस्त्यात उभ्या उभ्या डोळ्यांत पाणी आलं.

ऑफिसात जाऊन मी साहेबांना सगळं कबूल केलं. ते म्हणाले, कबुलीचं नंतर बघू, आधी टाइल्स काढा. गुरुवारी गवंडी नेला. त्यानं पिशवीतून छिन्नी काढली, लक्ष्मीकडं बघितलं, छिन्नी परत पिशवीत ठेवली.

"बाई, घरात लेक बाळंतपणाला आलेली हाय. लक्ष्मीवर छिन्नी चालवू व्हय मी?"

आणि चालता झाला. दुसरा गवंडी फोनवरच नाही म्हणाला. तीन दिवस गेले होते आणि मी होते तिथंच होते.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा गाडीच्या वेळेला गेले. ती कामगार बाई गाडीमागून चालत होती, घराघरातून बादल्या घेत होती. कोपऱ्यावर आली, हात जोडले, पुढं निघाली. माझा ताबा सुटला.

"थांब! दर वर्षी गणपती झाल्यावर तळ्याकाठी ड्युटी करतेस ना तू? तेव्हा मूर्त्या उचलतेस, हार उचलतेस, टोपल्याच्या टोपल्या भरतेस. तेव्हा देव नसतात का ते?"

ती थांबली. माझ्याकडं असं बघितलं, की एवढी शिकलेली बाई आणि एवढंही कळंना झालंय.

"नसतात की, अक्का. अक्षता टाकतात, मूर्ती जरा हलवतात, जा म्हणून सांगतात. देव जातो. मागं राहती ती माती. माती उचलायला मला काय हुतंय?" मग तिनं ढिगाकडं बोट दाखवलं. "ह्यास्नी जा म्हणून कोणच सांगितलं न्हाई. नुसतं आणून सोडून गेलेत सगळे."

मी रस्त्यातच मोठ्यानं हसले. गाडीचा ड्रायव्हर दचकला. इतकं सोपं होतं! नोटीस काढून, दोन गवंडी फिरवून जे सुटलं नव्हतं, ते तिच्याकडं पहिल्यापासून होतं. आम्ही तिला फक्त 'का उचलत नाहीस' म्हणून दरडावत होतो. 'काय केलं तर उचलशील' हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा विचारलं नव्हतं, मी भांडताना चुकून तिथं पोचले होते.

तिथूनच मी वकीलसाहेबांच्या घरी गेले. ते व्हरांड्यात पेपर वाचत होते.

"निघाली का तक्रार निकाली?" त्यांनी पेपरातूनच विचारलं.

"निघेल. पण तुमच्या घरातली एक साक्ष लागेल."

त्यांनी पेपर खाली ठेवला. साक्ष हा शब्द ऐकल्यावर वकील कसा सावरून बसतो ते बघण्यासारखं असतं. तेवढ्यात त्यांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या. मी सरळच विचारलं, "वहिनी, परवा सकाळी कोपऱ्यावर काय ठेवलंत?"

"निर्माल्य," त्या म्हणाल्या. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. "दुसरीकडं कुठं ठेवू? तळ्याला तर जाळी घातलीय तुम्ही लोकांनी. हेच म्हणाले, कोपऱ्यावर देव बसवलेत, तिथं ठेवत जा."

वकीलसाहेब खाकरले. काठी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणजे... मी तसं म्हटलं होतं खरं. पण ते एखाद्या दिवसापुरतं."

"रोज पिशवी तुम्हीच दाराशी आणून ठेवता की," वहिनी म्हणाल्या.

आयुष्यभर दुसऱ्यांचे साक्षीदार फोडले, आणि आज घरचीच साक्ष अंगावर आली. मला हसू आवरेना, पण मी आवरलं, कारण मला त्यांची सही हवी होती. मी त्यांना नोटिशीचं सांगितलं. ती बाई एकोणीस वर्षं रोजंदारीवर आहे, यादी मंगळवारी जाणार, आणि त्यांचा अर्ज उभा राहिला तर तिचं नाव कटणार. ती का उचलत नव्हती, तेही तिच्याच शब्दांत सांगितलं. वकीलसाहेबांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं हो. मला वाटलं, कामचुकार आहे. हात जोडते ते मला चेष्टा वाटायची."

वहिनी मात्र ओचा खोचून तयार. "रविवारी उत्तरपूजा करू. हे सांगतील मंत्र. गल्लीतल्या सगळ्यांना मी बोलावते. ज्यांनी ज्यांनी आणून ठेवलंय त्यांनी त्यांनी यायचं, मला सगळ्यांची नावं पाठ आहेत."

आणि खरंच, रविवारी सकाळी अख्खी गल्ली पिंपळाखाली. मी इतक्या वर्षांत कितीतरी स्वच्छता मोहिमा पाहिल्या, बॅनर आणि झाडू धरून फोटो काढणाऱ्या. अशी एकही पाहिली नव्हती. वकीलसाहेब सोवळं नेसून आले होते. भिंतीसमोर पाट मांडला, समया लावल्या, देवांच्या वाटेसाठी दहीपोह्यांची शिदोरी ठेवली. खणखणीत आवाजात त्यांनी मंत्र म्हटले आणि सगळ्यांनी अक्षता टाकल्या, भिंतीवर आणि ढिगावरही. तोच छिन्नीवाला गवंडी आला होता. वहिनींनीच त्याला घरून बोलावून आणलं होतं. त्यानं सहाही टाइल्सना तळहातानं हळूच धक्का दिला, गणपतीची मूर्ती हलवतात तसा.

कामगार बाई बाजूला उभी होती, पदर खोचून, बांबूच्या नव्या बुट्ट्या घेऊन. ती पुढं झाली तशी गल्लीतले एक आजोबा म्हणाले, "पण देवाच्या वस्तूंना हिनं हात लावायचा म्हणजे..."

वहिनी गर्रकन वळल्या. "रोज तुमचं आमचं सगळं तीच उचलते ना? तेव्हा कधी विचारलंत का? आणि या देवांची काळजी आपल्यात तिलाच तेवढी होती. आपण आणून टाकत होतो."

आजोबा दोन पावलं मागं सरले. पुढं काही वेळानं तेच तिला बुट्टी धरायला मदत करताना दिसले, तेव्हा त्यांना माफ करून टाकलं मी.

तिनं वकीलसाहेबांकडं बघितलं. "गेले का सगळे?"

कोर्टात निकाल सांगतात तशा गांभीर्यानं ते म्हणाले, "गेले."

मग तिनं पहिली ओंजळ उचलली, कपाळाला लावली आणि बुट्टीत टाकली. त्यानंतर कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. मास्तर तसबिरींच्या काचा वेगळ्या करू लागले, बायका हारांतले दोरे ओढून काढू लागल्या, पोरीबाळींनी लग्नपत्रिकांचे गठ्ठे बांधले. हसणं सुरू झालं, कारण कुणाकुणाच्या लग्नाची पत्रिका कुणी टाकली ते आता उघड होत होतं. दोन तासांत कोपरा लख्ख. गवंड्यानं टाइल्स उतरवल्या आणि जमीन धुऊन काढली. फुलं बागेमागच्या खड्ड्यात खतासाठी गेली. कुणीतरी गिरमिट, म्हणजे आमच्याकडचे मसालेदार चुरमुरे, आणि गरम मिरची भजी मागवली आणि ती गल्लीतल्या सगळ्यांबरोबर कट्ट्यावर बसून खाल्ली तिनं. मी तिच्या शेजारी बसले आणि मंगळवारी ओरडले त्याची माफी मागितली. ती म्हणाली, "असूं दे, अक्का. तुमचा आवाजच तसा हाय."

तिथंच पुढचंही ठरलं. निर्माल्य दर रविवारी वेगळ्या बुट्टीत द्यायचं, पहिल्या फेरीला, गाडीत दुसरं काही भरायच्या आधी. द्यायच्या आधी ज्यानं त्यानं घरीच अक्षता टाकून देवाला जा म्हणून सांगायचं. ही अट तिची. एकानंही ती मोडलेली नाही, कारण ही बाई दारातच उभी राहून विचारते, "सांगितलं का देवाला?" आज धारवाडातल्या आणखी कितीतरी कोपऱ्यांवर हीच रीत चालते. साहेबांनी बैठकीत मला पुन्हा उभं केलं तेव्हा मी टाळ्या घेतल्या नाहीत. कुणाची कल्पना आहे ते सांगितलं आणि खाली बसले.

वकीलसाहेबांनी सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी येऊन अर्ज मागे घेतला. स्वतःच्या हातानं, चार पानी. त्यात असंही लिहिलं होतं, की सदर ढिगास तक्रारदार स्वतः आणि त्याचं कुटुंब अंशतः जबाबदार असल्याचं चौकशीअंती निष्पन्न झालं आहे. मी म्हटलं, साहेब, एका ओळीत भागलं असतं. ते म्हणाले, "नाही बाई. खोटा आरोप एका ओळीत करता येतो, मागे घ्यायला चार पानं लागतात." मंगळवारी यादी गेली. तिचं नाव होतं.

कायम केल्याची ऑर्डर यायला बरेच महिने लागले, पण आली. ती बाई माझ्या टेबलाशी आली तो दिवस मी विसरणार नाही. नवी साडी, केसांत गजरा. तिनं आधी माझ्या हातावर साखर ठेवली, मग ऑर्डर ठेवली. मी ती तिला मोठ्यानं वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत. तिच्या नावाशी आले तेव्हा तिचं बोट धरून त्यावर ठेवलं. तिनं पुन्हा वाचायला लावली. मी पुन्हा वाचली.

"म्हणजे आता मला कोण काढत न्हाई?"

"नाही. कुणी काढू शकत नाही."

"मी कायबी बोलले तरी?"

"काहीही बोललीस तरी."

तिनं समोरची खुर्ची ओढली, त्यावर नीट बसली आणि म्हणाली, "मग लिवा, अक्का. माझी तक्रार हाय."

मी पेन उचललं. ती राहते त्या वस्तीत कसद गाडी कधीच आलेली नव्हती. दारासमोरचं गटार तुंबलेलं. किती दिवस, मी विचारलं. "लगीन करून आले तवापास्नं," ती म्हणाली. आमच्या गल्ल्या घासून ती रोज त्याच गटारावरून उडी मारून घरात जात होती. त्या वस्तीतून माझ्या टेबलावर आजवर एकही तक्रार आली नव्हती, आणि मी धरून चालले होते की तिथं सगळं ठीक आहे. तिथं राहणारे सगळेच आमचे रोजंदारीचे कामगार. पालिकेविरुद्ध तक्रार करायची तर उद्याच्या कामावर कोण घेणार, ही त्यांची भीती. मी तक्रारदार म्हणून तिचं पूर्ण नाव लिहिलं, आणि खाली अंगठ्याऐवजी तिनं नुकतीच शिकून आलेली सही केली, अक्षर अक्षर जोडून.

तिसऱ्या दिवशी गाडी त्या वस्तीत शिरली. मी मुद्दाम गेले होते. गाणं वाजलं तशी पोरंटोरं पळत बाहेर आली. ती दारात उभी होती, हातात तिची स्वतःची बादली. गाडीमागून येणाऱ्या दुसऱ्या कामगार बाईच्या हातात तिनं ती दिली, रिकामी करून परत येईपर्यंत कमरेवर हात ठेवून वाट बघितली, आणि मग माझ्याकडं वळली.

"गाडी आली, बरं झालं," ती म्हणाली. "पण गटाराचं अजून तसंच हाय, अक्का. सात दिवसांतले तीन गेले. कधी करणार ते सांगा."

इतक्या वर्षांत कुणाचं ओरडणं ऐकून मला इतका आनंद झाला नव्हता.